रोग्याचा नकार : मुंबईच्या प्लेगचा एक धडा



इतिहासाच्या विषयावर बोलण्यास आम्हाला या व्यासपीठावर उभे केले, याचे नवल आपल्यापेक्षा आम्हालाच अधिक वाटते. आमचे शाळेतले शिक्षण नववीत आटोपले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या जुन्या फायलींवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. इस्पितळांतले वॉर्डबॉय, आया आणि वृद्धाश्रमांतले सेवक यांची संघटना करण्यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा आजचा विषय आम्ही पंडित म्हणून निवडलेला नाही. एका मेमोच्या निमित्ताने तो आमच्या गळ्यात पडला. तो मेमो काय होता हे आधी सांगतो, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या प्लेगकडे आम्ही का वळलो हे आपल्या ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी एका वृद्धाश्रमातील रात्रपाळीच्या आयाबाई आमच्याकडे आल्या. हातात मेमो होता. ‘वरिष्ठांच्या सूचनेचे पालन न करणे’ हा आरोप. प्रकार असा घडला होता : आश्रमात गोदीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. सगळे त्यांना आबा म्हणत. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, उजवा हात गेलेला, बोलणे अडखळत, पण डोके शाबूत. त्यांना गिळताना ठसका लागे. अन्न श्वासनलिकेत जाईल या भीतीने डॉक्टरांनी नाकातून नळी घालण्याचा सल्ला दिला होता. आबा म्हणाले, नको. व्यवस्थापकांनी दोनदा समजावले, तिसऱ्या वेळी बाईंना सांगितले, ‘त्यांचे हात धरून ठेवा.’ बाईंनी हात धरले नाहीत. दुसऱ्या दिवशी मेमो.

आम्ही लगोलग उत्तराचा मसुदा करायला बसलो. सेवाशर्तीत हे काम बसत नाही, तोंडी हुकूम ग्राह्य नाही, अशी आमची नेहमीची कलमे आम्ही लिहू लागलो. बाई थोडा वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “दादा, मेमोचं तुम्ही बघालच. पण आबांना नको का वाटतंय, हे कुणी विचारलं?”

खरे सांगायचे तर तो प्रश्न आम्हालाही सुचला नव्हता. तो घेऊनच आम्ही वाचनालयात गेलो आणि वाचता वाचता मुंबईच्या प्लेगपाशी येऊन थांबलो. कारण ‘औषध नको, इस्पितळ नको’ म्हणणाऱ्या माणसाचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या या शहराला पूर्वी एकदा पडला होता, आणि त्या वेळी नको म्हणणारे होते ते चाळींतले गिरणीकामगार.

सन १८९६ चा सप्टेंबर महिना. बंदराजवळच्या मांडवी भागात डॉ. अ‍ॅकेसिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी काही रोगी तपासले आणि हा गाठीचा ताप म्हणजे प्लेगच होय, असे जाहीरपणे सांगितले. पुढे आपल्याकडील वृत्तपत्रे याला ‘ग्रंथिक सन्निपात’ असेही म्हणू लागली. मुंबईची वस्ती १८९१ च्या खानेसुमारीप्रमाणे सव्वाआठ लाखांच्या घरात होती. त्यातील मोठा भाग कोकणातून व देशावरून पोट भरण्यासाठी आलेला, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-दहा जण राहणारा. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच्याच वळकटीवर रात्रपाळीचा झोपणार.

६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला. संशयित घरात शिरण्याचा, रोग्याला उचलून नेण्याचा, घर रिकामे करून धुऊन काढण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना मिळाला. रोग्यांना नेण्याचे मुख्य ठिकाण म्हणजे आर्थर रोडचे इस्पितळ. आज त्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतात. सात रस्त्याजवळ, म्हणजे ऐन गिरण्यांच्या वस्तीत ते उभे आहे.

सरकारी दृष्टीने पाहिले तर यात वावगे काही नव्हते. रोग भयंकर, त्याला इलाज ठाऊक नाही, आणि तो माणसाकडून माणसाला लागतो अशी त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांची समजूत. मग रोगी वेगळा काढणे हे ओघानेच आले. पण हाच हुकूम खोलीच्या आतून कसा दिसत होता, तेही पाहिले पाहिजे.

रोग्याला नेणे म्हणजे एकट्या रोग्याला नेणे नव्हते. त्याच्या मागोमाग घरातल्या माणसांना विलगीकरणाच्या छावणीत जावे लागे, म्हणजे रोजी बुडाली. खोलीतले अंथरूण-पांघरूण, कपडालत्ता जाळला जाई. पुढे पुढे तर कित्येक घरांच्या भिंतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन इंग्रजी अक्षरे रंगवली जाऊ लागली. मनुष्यवस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. वाचता न येणाऱ्या भाडेकरूला एवढेच कळे की आपली खोली गेली. आणि ज्याच्यासाठी हे सर्व केले तो रोगी परत येण्याची आशा कमीच. त्याला नेत तेच बहुधा अखेरच्या अवस्थेत, म्हणून इस्पितळात मरणाऱ्यांचे प्रमाण भयानक. गाडीतून गेलेला माणूस पुन्हा दिसत नाही, असे जर चाळीने डोळ्यांनी पाहिले, तर चाळीने कोणता निष्कर्ष काढावा? शिवाय मरताना तोंडात पाणी घालायला आपले माणूस जवळ नसावे, प्रेताची विटंबना व्हावी, परपुरुषाने बाईच्या काखेत आणि जांघेत गाठ आहे का हे चाचपून पाहावे, हे सारे त्या काळच्या हिंदूला, मुसलमानाला मरणाहून कठीण वाटे.

अफवाही उठल्या. इस्पितळात माणसाला उलटे टांगून त्याचे तेल काढतात, अशी एक होती. आज आपण त्या वाचून हसतो. आम्ही मात्र हसत नाही, कारण अफवा कुठे पिकते हे गिरणीच्या फाटकावर उभे राहिलेल्याला चांगले ठाऊक असते. व्यवस्थापन जेव्हा तोंड उघडत नाही, तेव्हा फाटकावरची चहाची टपरी बोलू लागते. लोकांना त्यांच्या भाषेत कोणी काही सांगितलेच नव्हते. सांगणारा येई तो हुकूम घेऊन, आणि त्याच्यामागे पोलीस.

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी हजाराच्या आसपास गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले आणि त्यांनी तेथे मोडतोड केली. हे कृत्य आम्ही चांगले म्हणत नाही. आत आजारी माणसे होती, त्यांची शुश्रूषा करणारी माणसे होती, आणि ती शुश्रूषा करणारी आमच्याच पेशाची. परंतु त्या दंग्याचा परिणाम काय झाला तो पाहण्याजोगा आहे. लागलीच सक्तीचा हुकूम सैल झाला आणि रोग्याची घरी नीट वेगळी सोय होत असेल तर त्याला नेण्याची सक्ती नको, असे धोरण आले. कमिशनरांना दंग्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती. शहराचा मैला वाहणारे सफाई कामगार, ज्यांना तेव्हा हलालखोर म्हणत, ते जर घाबरून शहर सोडून गेले, तर मुंबईत कोणालाच राहता येणार नाही. मुंबई वाचवायची तर जे सर्वांच्या शेवटी बसतात त्यांची मर्जी सांभाळणे भाग होते. सफाई कामगारांच्या कोणत्याही सभेत ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

तरीही लोक गेलेच. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत पावणेचार लाखांहून अधिक माणसांनी, म्हणजे जवळजवळ निम्म्या शहराने, मुंबई सोडली असा त्या वेळचा अंदाज आहे. बोटींनी कोकणात, आगगाडीने घाटावर. गिरण्यांत माणूस मिळेना. नाक्यानाक्यावर मालकांची माणसे उभी राहून मजुरांसाठी एकमेकांवर बोली चढवू लागली, आणि महिना दीड महिना पगार अडकवून ठेवणारे मालक रोजचा रोज पैसा मोजू लागले. नकाराची किंमत मालकाला अशी रोख कळली.

याच वेळी सरकारने उलट दिशेने पाऊल टाकले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. कायदा अगदी आटोपशीर, पण सरकारला वाटतील ते उपाय करण्याची मुभा त्यात होती, आणि असे उपाय करणाऱ्या अधिकाऱ्यावर फिर्याद करता येणार नाही, हेही त्यात होते. पुण्यात रँडसाहेबांच्या कमिटीने गोऱ्या शिपायांकरवी घरे तपासली. त्यातून २२ जून १८९७ च्या रात्री काय घडले, चाफेकर बंधूंचे आणि पुढे लोकमान्यांचे काय झाले, हे या सभागृहातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. म्हणून त्याचा विस्तार करीत नाही.

आम्हाला सांगायची आहेत ती दुसरी दोन माणसे. एक सावित्रीबाई फुले. पुण्याजवळ त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी दवाखाना घातला होता. तेथे रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी त्या प्लेगने गेल्या. दुसरे नारायण मेघाजी लोखंडे. गिरणीकामगारांची पहिली संघटना बांधणारे, ‘दीनबंधु’चे संपादक, कामगाराला रविवारची सुटी मिळवून देणारे. प्लेग आला तेव्हा लोखंड्यांनी काय केले? सक्ती सोसा, असे त्यांनी कामगारांना सांगितले नाही. इस्पितळ मोडा, असेही सांगितले नाही. मराठा समाजातील रोग्यांसाठी इस्पितळ काढण्याच्या कामाला त्यांनी स्वतःला जुंपून घेतले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने त्यांचा अंत झाला. आमच्या युनियनच्या कचेरीत त्यांची तसबीर आहे. ती सुटीच्या रविवारसाठी लावली आहे, असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो.

अशी इस्पितळे मग निरनिराळ्या समाजांनी काढली. १८९७ च्या मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या कमिटीकडे कारभार आला. तपासणीची आणि सक्तीची हौस तिलाही होतीच. पण ज्या त्या समाजाने आपले इस्पितळ काढावे, तपासणीच्या वेळी समाजाची प्रतिष्ठित मंडळी बरोबर असावीत, एवढे शहाणपण तिने दाखवले. पुण्यात टिळकांनी हिंदू प्लेग इस्पितळ उभे केले. या ठिकाणी रोग्याला आपले माणूस भेटे, आपल्या हातचे अन्न मिळे, आपली भाषा बोलणारा डॉक्टर असे. औषध तर सगळीकडे तेच, म्हणजे जवळजवळ नाहीच. फरक पडला तो दाराचा. जे दार बाहेरून बंद होत नाही त्यातून आत जायला माणूस इतका घाबरत नाही. म्हणजे १८९६ साली चाळीने ‘नको’ म्हटले होते ते शुश्रूषेला नव्हे. ज्या रीतीने ती गळ्यात मारली जात होती त्या रीतीला म्हटले होते. हे कळायला सरकारला फार वेळ लागला, आणि तेही एकदा कळून पुन्हा विसरले.

९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात जुलाह्यांच्या, म्हणजे मुसलमान विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीला नेण्यासाठी पथक आले. घरच्यांनी तिला नेऊ दिले नाही. शब्दाने शब्द वाढला, दगडफेक झाली, गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसे मेली. गोदीतल्या मजुरांनी आणि गाडीवाल्यांनी काम टाकले. त्यानंतर मात्र सरकारचा नूर बदलला. घरोघरच्या झडत्या आणि पकडून नेणे हळूहळू मागे पडले, आणि शतक पालटेपर्यंत सक्तीऐवजी समजूत हे प्लेगचे धोरण झाले.

आता आपल्यापैकी कोणी विचारील, की अखेर बरोबर कोण होते? सरकार की चाळ?

विज्ञानाचे उत्तर असे आहे. प्लेगचा जंतू येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच शोधला होता, पण तो माणसात शिरतो कसा हे कोडे होते. १८९८ साली कराचीत काम करताना सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवले की हा मूळचा उंदरांचा रोग, आणि मेलेल्या उंदरावरची पिसू माणसाला चावते तेव्हा तो पसरतो. आरंभी कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या प्लेग कमिशनने ते पक्के सिद्ध केले. म्हणजे ज्या रोग्याला पोलीस लावून नेले, त्याला नेल्याने गाठीचा प्लेग थांबणारच नव्हता. उंदीर खोलीतच राहिले होते. उलट, उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, ही जी आपल्या खेड्यापाड्यांतील रीत होती, ती खऱ्या उपायाच्या अधिक जवळ होती. घराघरातल्या म्हाताऱ्यांनी त्या झोपड्यांच्या गोष्टी सांगितलेल्या आहेत.

तेव्हा चाळ बरोबर आणि सरकार चूक, असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही, कारण गोष्ट इथे संपत नाही. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लशीने रोगाचे आणि मरणाचे प्रमाण खूपच उतरते, असे दिसून आले. तरुण आगाखानांनी आपल्या जमातीला धीर यावा म्हणून लोकांसमक्ष लस टोचून घेतली. तरीही हजारो लोकांनी ती नाकारली, आणि त्यातले कित्येक मेले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत प्लेगने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. घेतली असती तर वाचली असती, अशी माणसे त्यांत होती. हे आम्हाला लपवता येत नाही.

याच्या उलट बाजूचाही दाखला आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. दोष हाफकिन यांच्या माथी मारण्यात आला, आणि ते निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. परळच्या ज्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे, तिच्यावरून आपण जातो तेव्हा हे दोन्ही आठवावे : नकार देणारे चुकले, आणि धोका काय असे विचारणारे चुकले नव्हते.

यावरून आम्ही जे शिकलो ते साध्या शब्दांत मांडतो. रोग्याच्या नकाराचा मान राखायचा, तो रोगी शहाणा ठरतो म्हणून नव्हे. तो शहाणा ठरेल की वेडा, हे त्या घटकेला कोणालाच माहीत नसते. १८९६ साली तर सर्वांत मोठ्या डॉक्टरलाही माहीत नव्हते. मान राखायचा तो एवढ्याचसाठी, की देह त्याचा आहे आणि परिणाम त्याला भोगायचे आहेत. मात्र त्यासाठी त्याला आधी सगळे सांगितलेले असले पाहिजे. न सांगता घेतलेला होकार जसा खोटा, तसा न सांगता घेतलेला नकारही कच्चा. चाळीतल्या माणसाला लस म्हणजे काय हे कोणी त्याच्या शेजारी बसून सांगितले असते, तर त्याच्या कित्येक ‘नको’चे ‘बरं, घेतो’ झाले असते. तेवढे कष्ट न घेता जे म्हणतात, ‘लोकांना नको होते, आम्ही काय करणार?’, ते लोकांचा मान राखीत नाहीत, आपली सुटका करून घेतात.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्यातली आहे. होकार असो की नकार, तो देणाऱ्याच्या मानेवर कोणाचा हात आहे हे पाहावे लागते. हाफकिन यांच्या लशीची पहिली मोठी परीक्षा १८९७ च्या जानेवारीत भायखळ्याच्या तुरुंगात झाली. कैदी आपखुशीने पुढे आले, असे लिहिलेले आहे. असतीलही. साथ तुरुंगात शिरली होती आणि वाचण्याची इच्छा कोणाला नसते? पण ज्याला फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही त्याच्या आपखुशीवर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवीत नाही. पुढे टोचून घेतल्याचा दाखला दाखवणाऱ्याला विलगीकरणाच्या जाचातून सूट मिळू लागली. सक्ती नाही म्हणायचे, आणि दाखल्यावाचून अडवायचे. हा प्रकार आपल्यालाही नवा नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईत दोन डोस घेतलेल्यांनाच लोकलचा पास मिळू लागला, तेव्हा आमच्या कंत्राटी सेवकांनी रांगा लावल्या. लस चांगलीच होती, आम्हीही घेतली आणि सभासदांना घ्या म्हणून सांगितले. तरी त्या रांगेतल्या किती जणांनी ती पटून घेतली आणि किती जणांनी पगार बुडेल म्हणून, हे आम्हाला ठाऊक आहे. टाळेबंदीत उपाशी कामगाराने केलेली सही आणि मोकळेपणी केलेली सही यांत कागदावर फरक दिसत नाही. फरक कुठे आहे, हे सांगणे आमच्यासारख्यांचे काम आहे.

यावर कोणी म्हणेल, की मग साथीच्या रोग्याने गावभर हिंडावे काय? मुळीच नाही. दुसऱ्याच्या जिवाला अपाय करण्याचा हक्क कोणालाच नाही, आणि त्यासाठी वाजवी बंधन घालावे लागते. पण ते बंधन खरोखर अपाय टाळणारे आहे की नुसते अधिकार दाखवणारे, हे प्रत्येक वेळी पुराव्याने सिद्ध करणे घालणाऱ्याचे काम आहे. २ मे २०२२ च्या निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जवळजवळ हेच सांगितले. कोणालाही लस टोचून घेण्याची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी बंधने घालता येतील, पण ती प्रमाणात हवीत. चाळीने दगड मारून जे सांगितले होते, ते न्यायालयाच्या भाषेत यायला एवढी वर्षे लागली.

आणि जिथे दुसऱ्याच्या जिवाचा संबंधच नाही, तिथे कायदा आता अधिक स्पष्ट आहे. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने १९१४ सालीच म्हटले होते, की सज्ञान आणि डोके ठिकाणावर असलेल्या माणसाच्या शरीराचे काय करायचे हे तोच ठरवील. आपल्याकडे २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की डॉक्टरांनी रोग्याला उपचार, त्यातला धोका, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे सर्व समजेल अशा तऱ्हेने सांगून मगच संमती घ्यावी. त्या खटल्यातील स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन शस्त्रक्रिया केली होती. ती संमती न्यायालयाने मानली नाही. २०१८ साली, अखेरच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत हे माणसाला आधीच लिहून ठेवता येते, असा निर्णय झाला, आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली गेली. हे सर्व कागदावर आहे. ते वृद्धाश्रमातल्या खाटेपर्यंत पोहोचवणे राहिले आहे.

आता आबांकडे येतो.

मेमोचे उत्तर बाजूला ठेवून आम्ही व्यवस्थापकांकडे गेलो आणि म्हणालो, डॉक्टरांना एकदा आबांच्या शेजारी बसू द्या. डॉक्टर भले होते. ते आले, खुर्ची ओढून बसले आणि अर्धा तास बोलले. नळी घातली तर काय होईल, न घातली तर अन्न फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकेल आणि त्यात जीवही जाऊ शकेल, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले. मग आबांना म्हणाले, “आता तुम्ही मला सांगा, मी काय म्हणालो ते.” आबांनी अडखळत, पण एकूण एक सांगितले. शेवटी म्हणाले, “इस्पितळात होतो तेव्हा सतरा दिवस नळी होती. हात बांधले होते. पुन्हा नाही. तोंडाने जाईल तेवढं जाईल.” मग डाव्या हाताचा अंगठा उठवला.

व्यवस्थापकांची अडचणही समजून घेतली पाहिजे. उद्या नातेवाईक येतील, हयगय केली म्हणतील, पोलीस होतील, ही त्यांना धास्ती. त्यांचे पहिले म्हणणे असे होते, की नळी नको तर आश्रमही सोडा. इथे मात्र आम्ही अडून बसलो. एक उपचार नाकारला म्हणून माणसाने बाकीची शुश्रूषा गमावली असे होत नाही. तसे झाले तर तो नकार राहत नाही, दंड होतो. प्लेगच्या काळात खोलीवर तीन अक्षरे रंगवली जात त्यातलाच हा प्रकार. अखेर डॉक्टरांनी केसपेपरवर सर्व लिहून दिले, आबांच्या पुतण्याला बोलावून सांगितले, आणि आबांचा विचार बदलला तर कोणत्याही क्षणी नळी घालता येईल हेही लिहिले. पुढे मेमो मागे घेण्यात आला.

बाई आबांना उठवून बसवीत, हनुवटी खाली धरायला सांगत, आणि घट्ट पेज चमच्या-चमच्याने भरवीत. एका वाटीला पाऊण तास लागे. कधी ठसका लागे, तेव्हा थांबत. आबा चार महिने जगले. मग न्यूमोनिया झाला आणि गेले. नळी असती तर अधिक जगले असते का? कदाचित. डॉक्टरांचा सल्ला चुकीचा होता असे आम्ही आजही म्हणत नाही.

आमची आई गेली तेव्हा तिच्या सर्व कागदांवर आम्हीच सह्या केल्या होत्या. ती शुद्धीवर होती, बोलत होती, आणि खाटेवरून आमच्याकडे पाहत होती. तिला काय हवे, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. तीस वर्षे लोकांच्या हक्कांसाठी मोर्चे काढणाऱ्या माणसाला सुचले नाही. तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार आम्हाला नाही, एवढे कबूल करतो. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी म्हातारे आहे. आज घरी गेल्यावर त्यांच्या शेजारी बसून एकदा विचारावे, आणि ते जे सांगतील ते लिहून ठेवावे. ऐकायला कठीण असले तरीसुद्धा.